हलते ते वाचते

आमच्या संतोषनगरच्या गल्लीत एक काका राहतात. पस्तीस वर्षे त्यांनी कंचनबागेत नोकरी केली. सकाळी ऑफिसची बस यायची, काका डबा घेऊन चढायचे आणि संध्याकाळी त्याच बसने उतरायचे. शाळेत कोणी विचारले की त्यांची मुले सांगत, "बाबा सरकारी नोकरीत आहेत." त्यापलीकडे त्यांनाही ठाऊक नव्हते. आम्ही मंडळातले लोक त्यांना ओळखायचो ते गणपतीत झांजा वाजवणारे आणि वर्गणीचा पैशापैशाचा हिशेब लिहिणारे म्हणून.

मे २०२५ मधल्या त्या रात्री आपण सगळ्यांनीच टीव्हीसमोर काढल्या. सीमेपलीकडून ड्रोन आणि क्षेपणास्त्रे येत होती, आपली हवाई संरक्षण यंत्रणा ती पाडत होती, आणि बातम्यांत एक नाव पुन्हा पुन्हा येत होते : आकाश. काकू सांगत होत्या की काका तीन रात्री झोपलेच नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो आणि सरळच विचारले, "काका, हे आकाश तुमचंच का हो?"

काका हसले. म्हणाले, "माझं एकट्याचं तिथं काहीच नसतं रे. तुला खरंच समजून घ्यायचंय का? मग आधी तीन सालं वाच. १९७३, १९८२ आणि १९९९. मग ये."

मी वाचले. पुढे जे लिहिले आहे ते सारे उघड झालेल्या, छापून आलेल्या माहितीवरचे आहे. गुपित काकांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

कंदील धरणाराही दिसतो

दुसऱ्या महायुद्धापर्यंत विमान पाडायचे म्हणजे तोफा लावायच्या. पण तोफेचा गोळा एकदा सुटला की त्याची दिशा बदलता येत नाही. तो वर पोहोचेपर्यंत विमान पुढे निघून गेलेले असते. विमाने अधिक उंच आणि अधिक वेगाने उडू लागली तेव्हा तोफा अपुऱ्या पडल्या. वाटेत दिशा बदलू शकेल असा 'गोळा' हवा होता. जमिनीवरून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र या गरजेतून आले.

सोव्हिएत रशियाने १९५७ च्या सुमारास एस-७५ नावाची प्रणाली उभी केली. १ मे १९६० रोजी स्वेर्दलोव्स्क शहराजवळ तिने अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले. वीस किलोमीटरहून अधिक उंचीवर आपल्याला कोणी हात लावू शकत नाही, असे त्या विमानाच्या मालकांना वाटत होते. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स जिवंत पकडला गेला आणि साऱ्या जगात गाजावाजा झाला.

पण एस-७५ ची एक मोठी अडचण होती. क्षेपणास्त्र साडेदहा मीटर लांब आणि दोन टनांहून जड. मध्ये रडार आणि भोवती गोलाकार सहा प्रक्षेपक. त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांमुळे वरून पाहिले तर जमिनीवर चांदणी काढल्यासारखी दिसे. १९६२ साली क्युबात रशियन क्षेपणास्त्रे आली, तेव्हा हवाई छायाचित्रांतली ही चांदणी अमेरिकन तज्ज्ञांनी लगेच ओळखली.

दुसरी अडचण रडारची. अंधारात कंदील लावला की आपल्याला समोरचे दिसते, पण कंदील धरणाराही सगळ्यांना दिसतो. रडारचे तसेच आहे. त्याने लहरी सोडल्या की शत्रूच्या विमानाला कळते, कोण कुठून पाहते आहे. जुलै १९६५ पासून व्हिएतनाममध्ये एस-७५ ने अमेरिकी विमाने पाडायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेने रडारचीच शिकार करणारी खास विमाने आणि रडारच्या लहरींमागे जाणारी क्षेपणास्त्रे आणली. व्हिएतनामी सैनिक रातोरात ठाणे हलवायचे, पण एवढा पसारा आवरायला तासन् तास लागत. नेम कितीही चांगला असला तरी जागा सोडता आली नाही तर उपयोग नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकले.

तीन सालं

यावरचे रशियाचे उत्तर म्हणजे 'कूब'. १९५८ मध्ये काम सुरू झाले आणि १९६७ मध्ये ती सैन्यात आली. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी एक रडारगाडी आणि तिच्यासोबत चार प्रक्षेपकगाड्या, प्रत्येकीवर तीन क्षेपणास्त्रे. गाड्या थांबायच्या, मारा करायच्या आणि काही मिनिटांत निघून जायच्या. चांदणी नाही, सिमेंटचे ओटे नाहीत. सैन्य जिथे जाईल तिथे छत्रीही सोबत जाणार.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. इस्रायलचे हवाई दल जगातल्या उत्तम दलांपैकी एक. पण त्यांच्या विमानांतली धोक्याची सूचना देणारी उपकरणे जुन्या रडारच्या लहरी ओळखत होती. कूबच्या रडारची पद्धत त्यांना नवीन होती. क्षेपणास्त्र जवळ येईपर्यंत वैमानिकाला पत्ता लागत नसे. त्यातून वाचायला कोणी खाली उतरले की खाली झपाट्याने गोळ्या झाडणाऱ्या तोफा वाट पाहत असत. जेमतेम तीन आठवड्यांच्या त्या युद्धात इस्रायलने शंभराच्या आसपास विमाने गमावली. काकांचे पहिले साल हे.

पण त्याच युद्धात उलट धडाही मिळाला. १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे सिनाईत आणखी पुढे सरकले. त्यांच्यामागची बहुतेक क्षेपणास्त्रे जुनी, कालव्याकाठी एका जागी रोवलेली होती. छत्री मागे राहिली आणि सैन्य उघड्यावर आले. तो हल्ला पार फसला.

दुसरे साल १९८२. एप्रिल १९८१ मध्ये सीरियाने लेबनॉनच्या बेका खोऱ्यात क्षेपणास्त्रे आणून ठेवली. त्यांत बहुतेक हीच गाजलेली कूब. चालती-फिरती, मिनिटांत जागा बदलणारी. पण सीरियन सैन्याने ती खड्ड्यांत, मातीच्या भिंतींआड बसवली आणि वर्षभराहून अधिक काळ जवळपास तिथेच ठेवली. इस्रायलची वैमानिकरहित विमाने रोज वरून फोटो घेत होती. कोणते रडार कुठे आहे आणि कोणत्या लहरींवर बोलते याची नोंद होत होती. ९ जून १९८२ रोजी इस्रायलने आधी फसवी विमाने पाठवली. सीरियाने रडार चालू केली. ती चालू होताच त्या लहरींचा माग काढत क्षेपणास्त्रे आली आणि मागोमाग खरी विमाने. एकोणीसपैकी बहुतेक सर्व ठाणी त्याच दिवशी संपली. नऊ वर्षांपूर्वी ज्या यंत्राने इस्रायलला रडवले होते, तेच यंत्र. हलणाऱ्या यंत्राला हलवले नाही, एवढाच काय तो फरक.

तिसरे साल १९९९. नाटोची विमाने युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकत होती. २७ मार्चच्या रात्री बेलग्रेडजवळच्या बुद्यानोव्त्सी गावापाशी एफ-११७ हे रडारला न दिसणारे म्हणून गाजलेले अमेरिकी विमान पडले. ते पाडणारी प्रणाली होती एस-१२५, साठच्या दशकाच्या सुरुवातीची, कूबपेक्षाही जुन्या पठडीतली. ती काही पटकन उचलून न्यायची वस्तू नव्हे. पण तुकडीचे प्रमुख झोल्तान दानी यांनी माणसांना एक शिस्त लावली होती. रडार एका वेळी वीस सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवायचे नाही. मारा करा किंवा नका करू, बंद करा आणि जागा बदला. पुन्हा पुन्हा सामान बांधून निघायचे, नव्या जागी मांडायचे. त्यांची तुकडी युद्ध संपेपर्यंत टिकली. दानी पुढे निवृत्त होऊन पाव-बिस्किटांची बेकरी चालवू लागले, आणि ज्याचे विमान पाडले त्या डेल झेल्को या वैमानिकाशी त्यांची पुढे मैत्री झाली.

हे तिन्ही वाचून मी परत काकांकडे गेलो. "काय कळलं?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "सीरियाकडं चाकं होती पण ती हलली नाहीत. सर्बियाकडं धड चाकं नव्हती, तरी ती हलली."

"हं," काका म्हणाले. "यंत्र विकत मिळतं. ते वापरायची समज विकत मिळत नाही. आता आपलं ऐक."

हैदराबादची अपयशाची वही

संरक्षण संशोधनाची क्षेपणास्त्र प्रयोगशाळा, म्हणजे डीआरडीएल, १९६२ मध्ये दिल्लीहून हैदराबादला आली. १९७० मध्ये इथेच भारत डायनॅमिक्स हा कारखाना सुरू झाला. त्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेने एक मोठे काम हाती घेतले. त्याचे नाव 'डेव्हिल'. आपल्या हवाई दलाकडे रशियाची एस-७५ होतीच. ती सुटी करायची, प्रत्येक भाग मोजायचा आणि तसाच इथे बनवायचा, असा बेत.

ऐकायला सोपे वाटते. पण शेजारणीची पुरणपोळी खाऊन तिचा आकार आणि जाडी मोजता येते, पुरण चुलीवरून नेमके कधी उतरवले ते मोजता येत नाही. सुट्या भागावरून माप मिळते, कारण मिळत नाही. हा धातू का घेतला, त्याला उष्णता किती वेळ दिली, इथे अर्ध्या मिलिमीटरची सूट चालते आणि तिथे का चालत नाही, हे मूळ बनवणाऱ्याच्या डोक्यात असते. पूर्ण क्षेपणास्त्र हाती आले नाही. १९८० मध्ये डेव्हिल गुंडाळला गेला.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सरळ अपयश. पण ज्यांनी ते केले त्यांना इंजिन कसे बनते, ते का फुटते, दिशा सांगणारी उपकरणे कशी जुळवायची हे स्वतःच्या हातांनी कळले होते. द्रवरूप इंधनाच्या इंजिनाची ती विद्या पुढे 'पृथ्वी'त कामी आली.

१९८२ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम प्रयोगशाळेचे संचालक झाले. २७ जुलै १९८३ रोजी ३८८ कोटी रुपयांचा एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू झाला. पृथ्वी, अग्नी, त्रिशूळ, नाग आणि आकाश अशी पाच अस्त्रे. आकाशची जबाबदारी चाळिशीही न गाठलेल्या प्रह्लाद रामराव यांच्याकडे आली. यावेळी नक्कल करायची नव्हती. कूबचा आदर्श डोळ्यांसमोर होता, पण आतली जुळणी आपली.

एका आरतीपेक्षा कमी वेळात

आकाश कसे चालते ते साध्या भाषेत पाहू. शत्रूचे विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने येत असेल, तर २५ किलोमीटर अंतर कापायला त्याला शंभर सेकंद लागतात. एक आरती म्हणायलाही याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ते शोधायचे, आपले की परके ते ठरवायचे, नेम धरायचा आणि पाडायचे.

आधी लांबवर पाहणारे रडार दूरवरच विमान हेरते. मग 'राजेंद्र' नावाचे रडार पुढचे काम हाती घेते. हे बंगळूरच्या प्रयोगशाळेत घडले. जुन्या रडारची थाळी गरगर फिरवावी लागे. राजेंद्रच्या सपाट फळीवर हजारो छोटे घटक असतात. प्रत्येकातून निघणाऱ्या लहरीला थोडे मागेपुढे केले की फळी न हलवताही किरण डोळ्याचे पाते लवायच्या आत दुसरीकडे वळतो. त्यामुळे एकच रडार ६४ लक्ष्यांवर नजर ठेवते आणि त्याच वेळी हवेतल्या आपल्या क्षेपणास्त्रांनाही वाट दाखवते.

कूबचे क्षेपणास्त्र विमानावरून परत येणारा रडारचा प्रकाश हुंगत जायचे. आकाशची रीत वेगळी. त्याला शेवटपर्यंत जमिनीवरून हुकूम मिळतात. रडार विमान आणि क्षेपणास्त्र दोघांनाही पाहते, संगणक दोघांच्या वाटा मांडतो आणि क्षेपणास्त्राला सांगतो : थोडे डावीकडे, थोडे वर. लक्ष्याजवळ पोहोचताच त्यातले उपकरण अंतर ओळखते आणि सुमारे ६० किलोचे स्फोटकांचे टोक फुटते. थेट धडकण्याची गरज नसते.

सगळ्यात नाजूक भाग इंजिनाचा. साध्या रॉकेटला इंधन जाळण्यासाठी लागणारा प्राणवायूसुद्धा सोबत न्यावा लागतो. ते वजन खूप. शिवाय इंधन काही सेकंदांत संपते आणि पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर होतो. वेग कमी झाला की वळण्याची ताकदही कमी होते. ऐन वेळी विमानाने गिरकी घेतली तर क्षेपणास्त्र मागे पडते. कूबने आणि आकाशने रॅमजेट वापरले. आजीची फुंकणी आठवा. चुलीत हवा गेली की जाळ होतो. पहिले साडेचार सेकंद साधे रॉकेट ७२० किलोच्या क्षेपणास्त्राला आवाजाहून जास्त वेगात नेते. मग त्याच रॉकेटची रिकामी झालेली नळी चुलीसारखी वापरली जाते. चार बाजूंच्या तोंडांतून बाहेरची हवा वेगानेच आत दाबली जाते आणि तिथे इंधन जळत राहते. सुमारे तीस सेकंद, म्हणजे जवळजवळ लक्ष्यापर्यंत, रेटा चालू राहतो. शेवटच्या क्षणीही वळायला जोर उरतो.

एका बॅटरीत चार प्रक्षेपक, प्रत्येकावर तीन अस्त्रे, आणि ती एकाच वेळी चार लक्ष्यांना भिडू शकते. प्रक्षेपकाची रचना पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण संस्थेत झाली. हवाई दलासाठी सारे चाकांवर, लष्करासाठी रणगाड्याच्या पट्टेदार गाड्यावर. सारे काही उचलून निघता येईल असे. १९७३ आणि १९८२ या दोन्ही सालांचा धडा त्यात गिरवला आहे.

उशीर आणि ग्वाल्हेर

हे सारे लिहायला चार ओळी लागल्या. करायला पंचवीस वर्षे लागली. पहिले उड्डाण १९९० मध्ये झाले. नंतर चाचण्या, सुधारणा आणि पुन्हा चाचण्या. परदेशांनी निर्बंध घातले, बाहेरून मिळणारे भाग अडले, ते इथे घडवावे लागले. सोबत सुरू झालेले त्रिशूळ अखेर २००८ मध्ये बंद करावे लागले. तोवर आपले सैनिक जुन्या रशियन प्रणालींचे आयुष्य पुन्हा पुन्हा वाढवून काम चालवत होते. वर्तमानपत्रांतून टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. ज्याला उद्याच सीमेवर उभे राहायचे आहे, त्याने वीस वर्षे वाट का पाहावी, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही.

काका एवढेच म्हणाले, "टीका वाचून ऑफिसात जायचो. बसमध्ये कोणी बोलायचं नाही. टेबलावर कालचंच काम असायचं."

डिसेंबर २००७ मध्ये चांदीपूरला हवाई दलाने स्वतः चाचण्या घेतल्या, आणि आकाश उतरले. २००८ मध्ये हवाई दलाने पहिली मागणी नोंदवली. मे २०१५ मध्ये ते लष्करात दाखल झाले. १० जुलै २०१५ रोजी ग्वाल्हेरच्या हवाई तळावर ते हवाई दलाकडे रीतसर सोपवले गेले, तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते. काम हैदराबादचे, सोहळा ग्वाल्हेरला आणि मंत्री गोव्याचे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी घरांना हा योगायोग गोड वाटावा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने आकाश परदेशांना विकायला मंजुरी दिली. एकेकाळी दुसऱ्याचे अस्त्र सुटे करून मापे घेणाऱ्या प्रयोगशाळेचे अस्त्र आता दुसरे देश विकत घेऊ शकतात.

तरी गोष्ट संपलेली नाही. लष्कराने पुढे आणखी चपळ प्रणाली मागितली. चालता चालता शोधणारी, चालता चालता माग ठेवणारी आणि क्षणभर थांबून मारा करणारी. तीही डीआरडीओने, याच हैदराबादेत, घडवायला घेतली. बेका खोऱ्यातल्या त्या खड्ड्यांचे उत्तर अजून शोधले जात आहे, आणि शोधावेच लागेल. कारण समोरचाही शिकत असतो.

जाता जाता

सीरियाने विकत घेतलेले यंत्र वाया गेले. डेव्हिलमध्ये यंत्र मिळाले नाही, पण माणसे तयार झाली, आणि त्या माणसांकडून पुढची पिढी शिकली. मे २०२५ मध्ये जे चालले त्यामागे बटण दाबणाऱ्या जवानांची हिंमत होती, तशी या न दिसणाऱ्या चाळीस वर्षांची पुंजीही होती.

काचीगुडा, सुलतान बाजार, संतोषनगर अशा आपल्या वस्त्यांत अशी कितीतरी घरे आहेत. आजोबा 'सरकारी नोकरीत' होते एवढेच नातवंडांना माहीत असते. गुपिते विचारू नका, पण ती वर्षे कशी गेली, सकाळची बस किती वाजता यायची, फसलेल्या चाचणीनंतर घरी येऊन ते काय बोलले की काहीच बोलले नाहीत, एवढे तरी विचारून लिहून ठेवा. हे कुठल्या सरकारी दप्तरात मिळणार नाही.

हा लेख छापायला देण्याआधी काकांना वाचून दाखवला. विचारले, "तुमचं नाव घालू का?"

काका झांजांची दोरी बदलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नाव नको. हजारो होतो आम्ही. सालं मात्र बरोबर घाल."